डागाची दवा

माझ्या पार्लरमध्ये तेलकट चेहऱ्याच्या बाया येतात, त्यांचं एक ठरलेलं असतं. खुर्चीत बसल्या बसल्या सांगतात, ताई, मला क्रीमबीम काही लावू नका, माझं तोंड आधीच तेलकट आहे. मी ऐकून घेते. मग विचारते, दिवसातून किती वेळा तोंड धुता? कोणी पाच वेळा सांगते, कोणी म्हणते मोजलं नाही. साबण कोणता, तर अंगाला लावतात तोच. इथं माझी सटकते. तेलकट कातडीलाही ओलावा लागतो, बाई, हे मी इतक्या वर्षांत इतक्या जणींना सांगितलंय की आता झोपेतही बोलत असेन. तरी त्यांना पटत नाही. मला त्याचं नवल नाही, कारण मलाही पटलं नव्हतं. माझं तोंड जळालं तेव्हा पटलं.

गोष्ट नव्वदीतली, मी अठरा वर्षांची असतानाची. आम्ही सुरतेच्या डिंडोलीत राहायचो. मूळचे धुळ्याकडचे. मी कडेवर होते तेव्हाच आबा, म्हणजे माझे वडील, सुरतेला लूम्सवर कामाला आले आणि मागोमाग आईही आली. आमच्या गल्लीत सगळी आपलीच माणसं होती. घरात आम्ही अहिराणी बोलायचो, बाहेर पडलं की हिंदी आणि गुजराती. मी इथे साध्या मराठीत लिहितेय, पण त्या दिवसांतली दोन-चार वाक्यं माझ्या कानात अहिराणीतच बसली आहेत, ती तशीच लिहीन.

आबा खात्यात तेलवाले होते. खातं म्हणजे लूम्सचा कारखाना, आम्ही सगळे खातंच म्हणायचो. लांब चोचीचं तेलाचं भांडं घेऊन ओळीनं सगळ्या लूम्सना तेल पाजत फिरायचं, हे त्यांचं काम. माणूस घरी आला की आधी वास यायचा, मग माणूस. त्यांचे कपडे आई वेगळे धुवायची, त्यांची चादर वेगळी, बसायचं पोतंही वेगळं. बाप तेलात आणि लेकही तेलात, असं आई म्हणायची. कारण माझं तोंड.

सकाळी धुतलेलं तोंड दहाच्या आत चकाकायला लागायचं. कपाळ, नाक, हनुवटी, सगळीकडे तेल. सुरतेची हवा चिकट, त्यात आई दर रविवारी डोक्यावर खोबरेल असं थापायची की ते कपाळावर उतरायचं. मग पुटकुळ्या. गल्लीतल्या पोरी म्हणायच्या, हिच्या गालावर पापड तळून घ्या. मी पण गप्प बसणारी नव्हते, मी म्हणायचे, तुमच्याकडे पापड तरी आहेत का. पण घरी येऊन आरसा उलटा करून ठेवायचे.

दहावीला गणितात गेले आणि शाळा सुटली. आई घरी साड्यांचे धागे कापायचं काम आणायची. एम्ब्रॉयडरीच्या साडीच्या मागच्या बाजूला धागे लोंबकळतात, ते कात्रीनं बारीक कापायचे. मीही तेच करायला लागले. दिवसभर मान खाली. एकदा दुपारी काम करता करता माझा डोळा लागला आणि कपाळ मांडीवरच्या साडीला टेकलं. फिकट मोतिया रंगाची साडी. जाग आली तेव्हा पदरावर माझ्या कपाळाएवढा तेलाचा डाग. आईनं कपाळ बडवून घेतलं. साडी डागासकट परत गेली असती तर त्या व्यापाऱ्यानं पुन्हा आमच्या दारात गठ्ठा टाकला नसता.

संध्याकाळी आबा आले. त्यांनी डाग पाहिला. दुसऱ्या दिवशी खात्यातून एका छोट्या बाटलीत डागाची दवा घेऊन आले. लूमवरच्या कापडावर मशीनच्या तेलाचा डाग पडला की खात्यात ती दवा लावायचे. पाण्यासारखी पांढरी, वास मात्र डोक्यात जायचा. आबांनी फडक्याचं टोक भिजवून डागावर दोनदा फिरवलं, फुंकर मारली. माझ्या डोळ्यांसमोर डाग उडून गेला. कापड कोरं. मला जादू बघितल्यासारखं झालं. आबा म्हणाले, यात काय मोठं, आम्ही रोज शिफ्ट सुटल्यावर याच दवेनं हात पुसतो, साबणाला ते तेल हालतसुद्धा नाही.

हे मी तेव्हा ऐकलं आणि विसरून गेले.

त्याच पावसाळ्यात नवागामच्या बाजूला एका गुजराती बेननं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर उघडलं. दोन खुर्च्या, मोठा आरसा, दाराला गुलाबी पडदा. मी गठ्ठा पोचवायला जाताना रोज त्या पडद्याकडे बघायचे. धागे कापून माझ्या मानेचा काटा ढिला झाला होता आणि मला वाटायचं, मान वर करून करायचं काम जगात काहीतरी असेलच की. एक दिवस चप्पल काढली आणि आत शिरले. म्हटलं, बेन, मला शिकवा, झाडू मारीन, टॉवेल धुवीन, काहीही करीन.

बेननं मला खुर्चीत बसवलं, दिवा लावला आणि माझ्या हनुवटीला बोट लावून तोंड इकडे-तिकडे वळवलं. बोट पुसून म्हणाली, "पहेलां तारूं मोढुं सरखुं कर." आधी तुझं तोंड नीट कर. वाईट वाटू देऊ नकोस, पण गिऱ्हाईक आधी तुझा चेहरा बघेल आणि मग स्वतःचा चेहरा तुझ्या हातात देईल. नवरात्रात माझ्याकडे गर्दी होणार, मला तेव्हा एक मुलगी लागेलच. तोपर्यंत चेहरा साफ करून ये, जागा तुझी. नाही जमलं तर मी दुसरी बघेन.

नवरात्राला अडीच महिने होते. मी उड्या मारत घरी आले. आईला ते काम पसंत नव्हतं, लोकांची तोंडं आणि पाय चोळायला का तुला वाढवलं, म्हणाली. गावाकडे एक-दोन स्थळं होती तिच्या डोक्यात. आबा मात्र म्हणाले, शिकू दे. सावलीत बसून करायचं काम आहे. नवरात्रापर्यंत जमलं तर पार्लर, नाहीतर आई म्हणेल तसं, असं घरात ठरलं. म्हणजे माझं सगळं त्या तोंडावर येऊन ठेपलं.

मग मी तोंडाच्या मागे लागले. तेल नको ना, तर धुवून काढायचं. लाल साबण घेतला, तो जंतू मारणारा, वास येणारा. सकाळी उठल्यावर, अंघोळीला, जेवणाआधी, जेवणानंतर, चहानंतर, कोणी दारावरून गेलं तरी मी आपली मोरीत. नळाला पाणी नसलं की बोअरचं खारं पाणी. मग बेसन, मग मुलतानी माती, तीही अशी वाळू द्यायची की हसलं तर तडकेल. कुणी सांगितलं लिंबू, लावलं लिंबू. आईनं एकदा सांगून पाहिलं, अगं, भांडीसुद्धा इतकी घासत नाही कुणी. मी काही ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते.

धुतल्यावर पंधरा मिनिटं कातडी अशी ताणायची की मला वाटायचं, चाललंय बरोबर. आणि तासाभरात पुन्हा तेल. पहिल्यापेक्षा जास्त. नाकाच्या बाजूला पापुद्रे निघायला लागले आणि त्या पापुद्र्यांवरच तेल. सुकलेलं पण आणि तेलकट पण, एकाच तोंडावर. पुटकुळ्या गालापर्यंत पोचल्या. मी आणखी धुवायला लागले. मूर्खपणा म्हणतात तो हाच, पण तेव्हा मला दुसरं काही सुचत नव्हतं. एका संध्याकाळी मोरीत तोंड धुता धुता मी रडायला लागले. आबा दारात बसून चहा पीत होते. त्यांनी मला पाहिलं. मी त्यांना पाहिलेलं त्यांना कळलं आणि त्यांनी मान फिरवली.

त्याच्या दोन दिवसांनी ते कामावरून आले ते खिशातून औषधाची बाटली काढत. बुचाला कागद गुंडाळलेला. मला जवळ बोलावून हळू आवाजात, आईला ऐकू जाऊ नये असं म्हणाले, घे, थोडी कापसावर घेऊन बघ. त्या साडीचा डाग कसा गेला होता ना. तीच. मी विचारलं, तोंडाला चालते का? तर म्हणाले, काही होत नाही.

आता कुणीही म्हणेल, एवढी कशी गं तू वेडी. पण आमच्या गल्लीत तेल म्हणजे एकच गोष्ट होती. लूमवर, कापडावर, बापाच्या शर्टावर, माझ्या तोंडावर, सगळं तेलच. ते काढायची एकच खात्रीची वस्तू आम्ही डोळ्यांनी पाहिली होती. शिवाय माझ्या बापानं आणलेली. मी एका क्षणासाठीही शंका घेतली नाही.

कापूस भिजवला आणि सगळ्या तोंडावर फिरवला. पहिल्यांदा गार लागलं. मग आरशात पाहिलं आणि काय सांगू, तोंड कोरं! चकाकी नाही, काही नाही. असं तोंड माझं मी जन्मात पाहिलं नव्हतं. मला इतका आनंद झाला की मी कापूस पुन्हा भिजवला आणि परत एकदा फिरवला.

पाव तासानं चुरचुरायला लागलं. अर्ध्या तासात आग. मी मोरीत बसून तोंडावर तांब्यानं पाणी ओतत होते आणि ते पाणीही झोंबत होतं. सकाळी उठले तर डोळे बारीक झालेले, गाल लालबुंद, हनुवटीवर पाण्याचे फोड. आईनं पाहिलं आणि तिच्या हातातली परात खाली पडली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, अशी गत झाली.

आबा कामावर निघायच्या तयारीत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दारातच उभे राहिले. मी पुढे झाले. गल्लीत नळावर बाया होत्या, त्यांच्यासमोर ओरडले, "तुम्ही माझं तोंड जाळलं. आता कोण घेणार मला?" आणखीही बोलले. तुम्हाला आयुष्यात तेलाशिवाय काही कळतं का, असं बोलले. बापाला असं बोलायचं नसतं हे मला माहीत होतं, म्हणूनच बोलले. ते वळले. चप्पल घातली आणि गेले.

त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोलणं सोडलं. ताट वाढायचे, पुढे सरकवायचे, पाण्याचा तांब्या ठेवायचे, तोंडातून शब्द नाही. त्यांनी दोनदा हाक मारली. मी आईकडे बघून उत्तर दिलं. मग त्यांनीही हाक मारायचं सोडलं.

आई मला नवागामच्या एका म्हाताऱ्या गुजराती डॉक्टरकडे घेऊन गेली. त्यांनी आधी दवा कोणती लावली ते विचारलं, मी सांगितलं, त्यांनी कपाळाला हात लावला. मग लाल साबणाचं विचारलं, तेही सांगितलं. त्यांनी मला शांतपणे समजावलं आणि ते समजावणं मी आजतागायत वापरतेय. ते म्हणाले, कातडी स्वतःच्या रक्षणासाठी तेल बनवते. तू ते खरवडून काढतेस. मग ती घाबरते आणि आणखी बनवते. तू पुन्हा खरवडतेस. तुला तेल कमी पाहिजे तर तिला सुकू देऊ नकोस. तेल वेगळं आणि ओलावा वेगळा. तुझ्या कातडीत तेल भरपूर आहे, पाणी नाही.

आधी फोड भरण्यासाठी एक पांढरं मलम दिलं. ते झाल्यावर नियम सांगितले. तोंड दिवसातून दोनदाच धुवायचं, साध्या पाण्यानं, साबण सौम्य आणि तोही फक्त संध्याकाळी. पुसायचं नाही, टिपायचं. आणि तोंड जरा ओलं असतानाच पातळ, बिनतेलाचं लोशन लावायचं, अगदी थोडं, वाटाण्याएवढं. डोक्याचं तेल कपाळावर येऊ द्यायचं नाही, केस वर बांधायचे. उन्हात निघताना ओढणी.

आईला ते लोशनचं काही केल्या पटेना. घरी येईपर्यंत डॉक्टरला नावं ठेवत होती. "तेलकट तोंडले आखो तेल?" तेलकट तोंडाला आणखी तेल? म्हणाली, आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. तेल नाही गं, पाणी धरून ठेवायचं असतं ते, असं मी सांगायचे. सांगताना मला स्वतःलाही खात्री नव्हती. पण आता माझ्याकडे घालवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणून डॉक्टर म्हणाले तसं अक्षरशः केलं.

पहिले दहा दिवस काही नाही. उलट हात सारखा मोरीकडे जायचा, सवयीनं. मी हात मांडीखाली दाबून बसायचे. मग जुनी कातडी निघाली, खालची गुलाबी वर आली. पंधरा-वीस दिवसांनी एका दुपारी आई माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, आज तोंड धुतलं का तू आत्ता? मी म्हटलं, सकाळी. तिला खरं वाटेना. बोट लावून पाहिलं. होतं तेल, नाही असं नाही, पण पूर्वीसारखं नाही. बोट ओलं झालं नाही. पुटकुळ्या बसल्या. फक्त डाव्या गालावर, जिथे कापूस दोनदा फिरला होता, तिथे एक तांबूस पट्टा राहिला.

हे आबाही बघत होते. ते बघायचे हे मला कळायचं. मी जेवायला वाढायला वाकले की त्यांची नजर त्या पट्ट्यावर यायची आणि लगेच ताटात जायची. मला वाईट वाटायचं का? खोटं कशाला बोलू, नाही वाटायचं. मला वाटायचं, बघा, नीट बघा.

घटस्थापनेला बारा-तेरा दिवस असताना मी बेनकडे गेले. तिनं पुन्हा दिवा लावला, हनुवटीला बोट लावलं, तोंड वळवलं. डाव्या गालावर थांबली. हे काय? मी सगळं सांगून टाकलं. लाल साबण, मुलतानी माती, डागाची दवा, डॉक्टर. बेन ऐकत राहिली. मग म्हणाली, चेहरा चांगला केलास, पट्टा जाईल. पण गिऱ्हाइकाच्या अंगाला हात लावू देण्याआधी मला तुझा हात बघायचाय. घरचं एक माणूस निवड, त्याच्या हातांवर आठ दिवस काम कर. कोमट पाण्यात बुडवायचे, पुसायचे, लोशन जिरवायचं. आठव्या दिवशी ते माणूस घेऊन ये. मी हात लावून बघेन. हात मऊ झाले असले तर त्याच दिवसापासून बस.

घरी येऊन आईला म्हटलं. आई म्हणाली, माझे हात भाकरी थापायचे आहेत, नवरीचे नाहीत. आठ दिवस रोज पाण्यात हात बुडवून बसायला मला वेळ नाही, आणि मला ते काम पसंतही नाही. शेजारणीला विचारलं, ती हसायला लागली. दुसरीला विचारलं, तिची सासू आतून ओरडली. मी स्टोव्हजवळ येऊन बसले. राग येत होता आणि रडूही. जागा हाताशी आली होती आणि दोन हात मिळत नव्हते.

आबांची त्या दिवशी सुट्टी होती. ते पोत्यावर बसलेले होते, सगळं ऐकत. उठले, माझ्यासमोर येऊन पाटावर बसले आणि दोन्ही हात पुढे केले.

मी त्या हातांकडे इतकी वर्षं कधी पाहिलंच नव्हतं. तळव्यांना भेगा, भेगांमध्ये काळं. बोटांची टोकं गुळगुळीत, ठसे पुसलेले. मनगटापर्यंत कातडी कोरडी, राखाडी, आणि मनगटाच्या वर एकदम नेहमीच्या माणसाची. मला मनातून आवडलं नाही, पण नाही म्हणायची सोय नव्हती. मी स्टोव्हवर पाणी ठेवलं. उकळलं तसं परातीत ओतलं, वर थोडं गार पाणी घातलं. रागात होते, हात घालून पाहिलंच नाही. परात त्यांच्यापुढे सरकवली, जशी ताट सरकवायचे तशी.

त्यांनी दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि स्वस्थ बसले. परातीतून वाफ येत होती. मला जरा चमत्कारिक वाटलं. जवळजवळ दीड महिन्यानं मी त्यांच्याशी पहिला शब्द बोलले.

"गरम आहे का?"

"नही, कोमट शे."

त्यांचा एक हात घ्यावा म्हणून मी पाण्यात हात घातला आणि किंचाळून बाहेर काढला. पाणी असं होतं की माझी बोटं लाल झाली. मी त्यांचे हात ओढून बाहेर काढले, माठातलं पाणी ओतलं त्यांवर. त्यांच्या पंजांची मागची बाजू लाल झाली होती. आणि ते माझ्याकडे बघत होते, काय झालं म्हणून.

मी विचारलं, तुम्हाला कळत नाही का, इतकं पाणी तापलंय? ते म्हणाले, बऱ्याच वर्षांपासून हातांना फारसं काही कळत नाही, बोटांना तर नाहीच. सुई टोचली तरी रक्त दिसलं की समजतं. रोज शिफ्ट सुटल्यावर दवेनं हात पुसून पुसून कातडी मेली असेल, खात्यात सगळ्यांचंच असं आहे. सहज सांगितलं, पाऊस-पाण्याचं सांगावं तसं.

माझ्या हातातला माठाचा तांब्या तसाच राहिला. तेव्हा मला ते सगळं आठवलं. साडीच्या वेळचं त्यांचं बोलणं, आम्ही रोज याच दवेनं हात पुसतो. आणि बाटली देतानाचं, काही होत नाही. मग त्यांनीच मान खाली घालून सांगितलं, जे त्यांना दीड महिना सांगायचं होतं.

"मी पहिले मन्हा हातले लाईसन दखेल व्हतं, व माय. माले काहीच व्हयनं नही."

आधी माझ्या हाताला लावून पाहिलं होतं. मला काहीच झालं नाही.

मी परात बाजूला केली आणि रडले, मोठ्यानं, नळावर बाया ऐकतील तर ऐकू देत म्हणून. त्याच नळावर मी त्यांना बोलले होते. आबा मला गप्प करायला हात पुढे करायचे आणि ओला हात आहे म्हणून मागे घ्यायचे.

मग आठ दिवस मी ते हात केले. पाण्यात आधी माझं कोपर बुडवून पाहायचे, मग त्यांचे हात. तिळाच्या तेलाचे दोन थेंब भेगांना, बाकी सगळीकडे डॉक्टरांचं लोशन. कामावर जाताना त्यांना जुन्या कापडाच्या दोन पिशव्या शिवून दिल्या, दवेला हात लावायचा तर त्या घालून. ते लाजायचे. खात्यात लोक हसतात म्हणाले. मी म्हटलं, हसू द्या, त्यांच्या पोरी पण पार्लरला येतील तेव्हा बघून घेईन. आता मी त्यांच्याशी इतकी बोलत होते की आई म्हणाली, एक वेळ मुकी होतीस ती बरी होतीस.

आठव्या दिवशी आबांनी अर्धा दिवस सुट्टी टाकली. धुतलेला शर्ट घातला आणि माझ्या मागे मागे नवागामला आले. गुलाबी पडद्याजवळ चप्पल काढून बाहेरच उभे राहिले, बायांच्या खोलीत कसं शिरायचं म्हणून. बेन स्वतः बाहेर आली. त्यांचे हात हातात घेतले, तळवे उलटे-सुलटे केले, भेगांवरून अंगठा फिरवला. भेगा मिटल्या होत्या, काळं निघालं होतं. बेन माझ्याकडे बघून हसली आणि मग तिनं त्यांना हिंदीत विचारलं, काका, तुम्हीच सांगा, कसे वाटतायत हात, मऊ वाटतात ना?

आबांनी बोटं एकमेकांवर घासून पाहिली. एकदा, दोनदा. मग त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मला काय हवंय ते बघायला, आणि म्हणाले, हो, एकदम मऊ.